दोन टप्प्यांची घंटा

मिठाची खाण बंद झाली. हंगेरियन शाळेत पाच मुलं उरली. खाऱ्या विहिरीचे दगड चाटायला शेळ्या तेवढ्या येत.

गुरुवारी दुपारी चर्चची घंटा मध्ये थांबून दोनदा वाजली, तशी अंथरुणाला खिळलेली पिरोश्काआजी दचकली.

"दोनदा म्हणजे बाई गेली. इबोल्या, माझी बहीण तर नाही ना गं?"

"नाही हो आई, मावशी ठणठणीत आहेत."

"मग कोण?"

सुनेने खिडकी लावून घेतली. "तुमच्या ओळखीची नाही."

"एवढ्याशा गावात माझ्या ओळखीची नाही अशी कोण गं मेली?" असं पुटपुटत आजीने त्या बिचारीसाठी हात जोडले.



डॉक्टरांनी आजीला शनिवारपर्यंतची मुदत दिली होती; गावात घंटा वाजवणारा एकटाच उरलेला लेवेंते मात्र गुरुवारी संध्याकाळीच कायमचा जर्मनीला निघणार होता.