टाकीची टकटक

"काकू, गाडीची टाकी गंजून पार चाळण झालीय. नवीच बसवतो," मिस्त्री म्हणाला.

"नको रे बाबा. नवीचा आवाज माझ्या कानाला परका."

"टाकीला कसला आलाय आवाज?"

गाडीचा पेट्रोलचा काटा कधीचाच बंद होता. बाहेर निघायचं झालं की काका डिकी उघडून टाकीवर बोटांनी टकटक करायचे आणि पेट्रोल किती ते ओळखायचे. आता तो हात गेला, टाकी तेवढी उरली.

"काकांसारख्याच हट्टी आहात!" म्हणत मिस्त्रीनं गंज खरवडला, भोकं बुजवली, पेट्रोल ओतलं आणि सहज बोटांनी टाकी वाजवून पाहिली.

बाकावर डुलकी लागलेल्या काकू लगबगीनं उठल्या.

"आले हो! कुलूप तेवढं लावते."