पूल बंद, पडदा आठला

पुलावर आडवा बांबू. बांबूला लाल चिंधी.

शंकरपटाच्या शर्यतीत पहिली आलेली बैलजोडी. शिंगांना गुलाल.

राजवाड्याचा पडदा, एक खांब उंदरानं कुरतडलेला.

कोंबड्याचा रस्सा, राणीच्या कामासाठी नागपूरहून ठरवलेल्या बाईसाठी वेगळा काढून ठेवलेला.

आणि नदीच्या पलीकडून आरोळी : "बाई डोंग्यात बसाले भ्याली होऽ! आल्या गाडीनं वापस गेली!"

पूल दुरुस्तीसाठी सकाळीच बंद झाला होता. एस.टी. पलीकडच्या काठावर थांबत होती, माणसं डोंग्यातून, छोट्या होडीतून, इकडं येत होती. बारा गावची माणसं भाताच्या तणसावर बसलेली, पडदा आठला उघडायचा, आणि नाटकात राणीच नाही.

नायक देवाजीला घाम फुटला. तोंडाला अर्धाच रंग. "मी आता कोनाशी बोलू? त्या खांबाशी?" रागारागानं त्यानं पडद्यावरच्या खांबाला हात जोडले. "राणी, मला युद्धाला निरोप दे!"

"निरोप कसला, महाराज? माझाही घोडा बाहेर उभा आहे!"

सगळे वळले. मागं रंभा उभी, हातात चहाची किटली. दोन महिने तालीम तिच्याच अंगणात झाली होती. चुलीपाशी बसून तिला सगळी राणी पाठ झाली होती, आणि हे तिलाही आत्ताच कळलं.

"सापडली!" देवाजीनं उडीच मारली. तिचा नवरा श्रीहरी हातातली नाटकाची वही विसरून बघत राहिला.

मग साऱ्यांच्या नजरा बापूजींकडं गेल्या. ते मंडळाचे अध्यक्ष, श्रीहरीचे थोरले भाऊ, म्हणजे रंभेचे भासरे. अकरा वर्षांत त्यांच्यासमोर तिचा पदर कपाळावरून सरकला नव्हता. थेट एक शब्द बोलली नव्हती. आणि अध्यक्षांची खुर्ची तर सगळ्यांत पुढं.

रंभेनं पदर ओढला. ती जावेकडं वळली. "रुखमाबाई, त्याइले सांगा, मले राणी करू द्या. एक शब्द चुकनार नाई."

रुखमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "ऐकलं का?"

"बहिरा नाई मी." बापूजी जमिनीकडं बघत होते. "तिले विचार, पदर सांभाळून तलवार कशी चालवन?"

"त्याइले सांगा, पदर नाई घेनार."

बापूजी उठले आणि न बोलता बाहेर निघून गेले.

"रंग लाव लवकर," रुखमाबाई म्हणाली, "नाई तर म्हनले नाई ना!"

तिसरी घंटा झाली. कमरेला तलवार बांधलेली रंभा फटीतून बाहेर बघत होती. अध्यक्षांची खुर्ची जागेवरच होती. फक्त उलटी. रंगमंचाकडं पाठ करून, हजारो माणसांकडं तोंड करून बापूजी ताठ बसले होते.

"अध्यक्षसाहेब, नाटक मागं आहे!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

"तुमी तिकडं पाहा. मी कानानं पाह्यतो." मग मान न वळवता ते मोठ्यानं म्हणाले, "रुखमे, सांग तिले, आवाज इथवर आला पाह्यजे!"

रंभेनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. पडदा वर गेला.

पुढच्या साली पूल चालू होता. नागपूरला बाई ठरवायला कुणी गेलं नाही.