मक्याची पेज

पुएब्लाच्या इस्पितळात, नव्या यकृताच्या यादीत मी पहिला होतो आणि माझ्या लेकीचा धर्मपिता, म्हणजे माझा कोंपाद्रे, नासारियो दुसरा. आमचं यकृत कितपत चालतंय ते पाहायला उपाशीपोटी औषध पिऊन दर दहा मिनिटांनी पिशवीत फुंकायचं होतं.

माझ्या पाळीला, दोन पिशव्या फुंकण्याच्या मध्ये त्याने थर्मास उघडला. "पी रे, कोंपाद्रे! मक्याच्या पेजेने कुठे उपास मोडतो? काल मीसुद्धा पिऊनच फुंकलं."

माझा आकडा इतका छान आला, की माझं यकृत अजून चालेल असं ठरलं आणि नवं त्याला मिळालं.

पुढच्या तपासणीला मी नर्सजवळ पेजेचं सहज बोललो.

 

"मका?" तिने कपाळावर हात मारला. "अहो, तपासणी होईपर्यंत मका वर्ज्य, असा तुमच्यासाठी नासारियोजवळ निरोप दिला होता! तीनदा विचारलं त्याने, मक्याने आकडा खरंच फुगतो का म्हणून."