तळपट

सन १९३३. नाशिकच्या कचेरीत गोऱ्या साहेबापुढे पेठकडची भागीबाई उभी होती. गुन्हा काय, तर राखीव रानातून जळणाची मोळी आणली. साहेबाला मराठी येत नव्हती आणि भागीबाईला घाबरता येत नव्हतं. म्हणून सरकारनं मध्ये रहेमान मुनशींना दुभाषी नेमलं होतं.

"रान काय तुझ्या बापानं लावलं व्हय?" भागीबाई कडाडली. "मेल्या, तुझं तळपट होवो!"

मुनशींनी घसा साफ केला. "हुजूर, ती म्हणते, चूक झाली. आपण मायबाप आहात."

"आणि तळपट म्हणजे?" साहेबाचा कान मोठा तिखट.

"भरभराट, हुजूर."

साहेब विरघळला. त्यानं शब्द वहीत टिपून घेतला, भागीबाईला सोडून दिलं, वर जप्त केलेला कोयताही परत केला. जाताना ती पुन्हा तेच म्हणाली. साहेबानं हात जोडले.

पुढच्या वर्षी चोख भाषांतराबद्दल मुनशींना 'खानसाहेब' हा किताब मिळाला. दरबाराला गावातली सगळी बडी मंडळी हजर होती. साहेबानं मुनशींच्या छातीवर पदक लावलं, खांद्यावर हात ठेवला आणि थेट मराठीत, भागीबाईच्याच हेलात आशीर्वाद दिला, "मेल्या, तुझं तळपट होवो!"

साहेब टाळ्यांची वाट पाहत होता.

मुनशी कमरेत लवले आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदाच मनापासून बोलले.

"आपलंही, हुजूर."