दोन्हीकडची ओढ

"तुमची चाचणी उत्तम झाली, काकू," व्हिसा केंद्रातली मुलगी म्हणाली. "मुलाचा फोटो दिसताच तुमच्या मेंदूचा आलेख एकदम उसळला."

मेघना तासगावकर हसल्या. अनीशला परदेशी जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि वडील गेल्यावर त्यानंच आईसाठी अर्ज केला होता.

"मग व्हिसा कधी मिळेल?"

मुलीनं आवाज खाली आणला. "कुटुंब-व्हिसासाठी ओढ दोन्हीकडून लागते. अनीशसरांची चाचणी तिकडे परवा झाली. तुमचा फोटो दाखवल्यावर त्यांच्या आलेखात... फारसं काही हललं नाही."

मेघनाताईंनी विचारलं, "हे त्याला कळलंय?"

"नाही. संध्याकाळी नकाराबरोबर कळेल."

"आणि मीच अर्ज मागे घेतला तर?"

"मग निकाल कुणालाच जात नाही."

त्यांनी तिथंच सही केली आणि बाहेर येऊन अनीशला फोन लावला.

"मी काही येत नाही रे. या वयात नवा देश नको वाटतो."

"अगं, मी तुझी खोली रंगवून घेतली होती," तो म्हणाला. जरा थांबून त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. "पण खरंय, तुला इथं करमलं नसतं. तू म्हणशील तसं."

तो निदान एकदा तरी आग्रह करेल म्हणून त्या फोन कानाला लावून उभ्या राहिल्या.