मटार आहे तोवर

गाड्या सतरा. खिडकीला अडकवायचे स्टीलचे ट्रे चौदा. बांबूचे खांब नऊ, त्यांच्यावर दिवे चाळीस, त्यांतले सहा गेलेले. कढया दोन. हात धुवायला पिंप एक, साबण शून्य. क्षमाने मागच्या सीटवर बसल्या बसल्या सगळं मोजलं आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवलं.

"आणि याला म्हणायचं ड्राइव्ह-इन," ती म्हणाली. "शेतात गाडी घुसवली, झालं ड्राइव्ह-इन."

पुढे तिचे बाबा, रत्नाकर, इस्त्रीचा शर्ट घालून लग्नाला आल्यासारखे बसले होते. भेडाघाटच्या रस्त्यावरच्या या शेतात अंजनी पटेल दर हिवाळ्यात मांडव घालायचा. मटार कोवळा आला की सुरू, निबर झाला की बंद. तेवढे तीन महिने जबलपुरातल्या मदन महलहून बाबांची गाडी दर रविवारी दुपारी इथे यायचीच. अशी एकोणीस वर्षं. संरक्षण खात्याच्या कारखान्यात केसाच्या जाडीची मापं काढण्यात हयात घालवलेला माणूस एका मटार-कचोरीपुढे असा विरघळावा, याची क्षमाला लाज वाटे.

यंदा तर फारच. अन्नविज्ञानात एम.एस्सी. करून ती घरी आली होती आणि जबलपुरात खाण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईची कॉफी म्हणजे गरम पाणी. पेरू म्हणजे ओला कागद. सराफ्यातली खोव्याची जिलबी नुसती गोड, बाकी काही नाही. डिसेंबरात आठवडाभर ताप येऊन गेला, पण शहराची चव काही सुधारली नाही. शिकलेल्या जिभेला गावचं रुचत नाही, असा निष्कर्ष तिने काढला होता आणि तो तिला मनापासून आवडलाही होता.

सोमवारी तिला इंदूरला जायचं होतं. एका मसाला कंपनीत चव पारखण्याची नोकरी. अडीचशे अर्जांतून ती एकटी उरली होती. आता फक्त जिभेची परीक्षा बाकी होती. बारा फेऱ्या. प्रत्येक फेरीत तीन चमचे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा.

"आठ बरोबर आले की नोकरी पक्की," गुरुवारी जेवताना तिने समजावलं होतं. "चार आले तर काहीच नाही. तीनात एक तर डोळे मिटून कोणीही ठोकून देतो. चार म्हणजे तोंडात जीभ आहे, पण चव नाही."

"मग मी पण देऊन पाहतो," बाबा म्हणाले होते. "अंजनीचा मटार मी झोपेत ओळखीन."

"बाबा, ती चव नाही, आदत आहे. फ्रोजन मटार दिला तरी तुम्ही वाहवाच कराल."

"हरलो तर पुढच्या वर्षापासून इथं पाय ठेवणार नाही. बस?"

म्हणून आज आई, विनता, मांडीवर दोन डबे घेऊन क्षमाच्या शेजारी बसली होती. एका डब्यात अंजनीचं सारण. दुसऱ्यात त्याचाच मसाला मागून फ्रोजन मटाराचं केलेलं. दोन्ही मिक्सरमधून सारखंच मऊ फिरवलेलं. तो आग्रह क्षमाचा.

अंजनी खिडकीशी आला. "दीदी, ये बाबूजी की आँख पे पट्टी काहे?"

"इम्तिहान है उनका."

"अरे, तो कॉपी हम जाँच देंगे! बाबूजी तो घर के आदमी हैं."

"इसीलिए नहीं," क्षमा म्हणाली. अंजनी हसत कढईकडे गेला.

बाबांनी सुरुवात केली. प्रत्येक चमचा आधी नाकाशी, मग तोंडात.

"वास काय घेऊन राहिले? खा ना," क्षमा म्हणाली.

"अर्धी चव तर तिथंच आहे, बेटा."

क्षमाने डोळे फिरवले. मध्येच आईला खोकला आला. "बाई गं, तेल जळून राहिलं. काच लाव तुझ्याकडची."

"कुठे?" क्षमाने मान वर केली. कढईवर धूर दिसला. "हं. बघा, ही तुमच्या अंजनीची सफाई." तिने काच लावली.

मग बाबांच्या डोळ्यांवरची ओढणी सोमवारच्या सरावासाठी तिच्या डोळ्यांवर आली. बाबांसारखा वेळ तिने लावला नाही. दोन सेकंदांत उत्तर.

"दुसरा. पुढे."

"पहिला. सोपं आहे गं."

चौथ्या फेरीनंतर आईचं पेन थबकलं. "एवढी घाई काहून करतेस? पुन्हा चाखून पाहा."

"आई, हे माझं काम आहे. चल, पाचवी."

बाबा पुढून वळून बघत होते. कोणत्या डब्यातला चमचा कितवा, ते त्यांना दिसत होतं. आठव्या फेरीनंतर त्यांनी हातातली कचोरी न संपवता ट्रेमध्ये ठेवली.

बारा झाल्या. क्षमाने ओढणी सोडली.

"वाच. आधी बाबांचं वाच, म्हणजे पुढच्या वर्षीचा प्रश्न मिटला."

आईने कागदाची घडी केली. "घरी जाऊन पाहू."

"काहून? आकडे घरी जाऊन बदलतात?"

"क्षमा," बाबा म्हणाले, "मी हरलो असं धर. चलो, निघू या."

"असं धरायचं नसतं, बाबा. मोजायचं असतं."

तिने आईच्या हातातून कागद घेतला, उलगडला आणि बरोबरच्या खुणा दोनदा मोजल्या.

रत्नाकर, बारापैकी अकरा.

क्षमा, बारापैकी चार.