उशिराची अंघोळ

"मावशी, नीट वाचा आणि मग इथे साइन करा," नेत्रा म्हणाली आणि तिने पेन पुढे सरकवलं.

अहिल्याबाईंनी पेन उचललं नाही. पर्समधून चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. नेत्रा त्यांच्या मैत्रिणीची, शोभाची मुलगी. टेक्सासात, त्यांच्याच शुगर लँडमध्ये वकिली करायची, आणि गेली काही वर्षं अहिल्याबाईंच्या मागे लागली होती. घटस्फोटाच्या निकालात डॉक्टरांच्या लष्करी पेन्शनमधला हिस्सा कोर्टाने अहिल्याबाईंना दिला होता. पेन्शन देणाऱ्या ऑफिसात अर्ज तेवढा करायचा होता. तो त्यांनी केलाच नाही. "त्यांच्या पैशाला मी हात लावणार नाही," हे ठरलेलं उत्तर. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं शोभा त्यांच्या तोंडावर म्हणायची.

डॉक्टर म्हणजे प्रल्हाद, त्यांचे पूर्वीचे यजमान. लग्न होतं तोवर 'अहो' होतं. ते मोडल्यावर नाव घ्यायला जीभ वळेना, म्हणून डॉक्टर. अमेरिकन सैन्यात ते सर्जन होते. बदली आली की अहिल्याबाई घर आवरायच्या, कॅन्ससचं जर्मनीत मांडायच्या, जर्मनीचं टेक्सासात. मूलबाळ झालं नाही. मोठं भांडणही कधी झालं नाही, बोलणं तेवढं हळूहळू संपत गेलं. रिटायर झाल्यावर डॉक्टर तिकडे हर्नडनला जाऊन एकटे राहिले. या इथे एकट्या राहिल्या. एका घरातलं एकटेपण दोन घरांत वाटून घेतलं, इतकंच.

आणि आज अहिल्याबाई आपणहून आल्या होत्या. नेत्राला त्याचंच नवल वाटत होतं.

"रूफचं काम निघालंय का, मावशी? पैशांचं काही असेल तर मला सांगा ना."

"छप्पर धड आहे गं."

"मग संक्रांतीचं मनात राहिलंय. आई म्हणाली मला."

मंडळाच्या हळदीकुंकवात एकीने तिळगूळ देता देता सहज विचारलं होतं, "तुमच्या सासूबाई गेल्या ना हो दिवाळीत? नाशिकहून माझी बहीण सांगत होती." अहिल्याबाईंचा हात तसाच पुढे राहिला. दिवाळीत त्यांनी दारात आकाशकंदील लावला होता, अनारसे केले होते. अनारसे शिकवले होते सासूबाईंनीच. आपण इथे तळत होतो तेव्हा त्या तिथे गेल्या होत्या, आणि आपल्याला कळवायला हवं हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. ना दिराच्या, ना डॉक्टरांच्या. घटस्फोट नवऱ्याशी झाला होता, सासूबाईंशी नव्हता. पण हे सांगायचं कोणाला?

त्या वाण न घेताच घरी आल्या आणि भर दुपारी डोक्यावरून अंघोळ केली. बातमी कितीही शिळी असो, कळली त्या दिवशी अंघोळ करायची, ही त्या घरची रीत. परदेशात आल्यावरही दोघांनी ती पाळली होती. तेव्हा फोन परवडायचा नाही, माणूस गेल्याचं पत्राने कळायचं, कधी कधी तेरावाही उलटून गेल्यावर. डॉक्टर एरवी देवाला हात जोडायचे नाहीत, पण असं पत्र आलं की युनिफॉर्म उतरवून मुकाट्याने बाथरूममध्ये शिरायचे. मग त्या. मग दोघं ओल्या केसांनी स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचे आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलायचे. त्यांच्या संसारातली खरी बोलणी बहुधा तेवढीच.

या वेळी चहा एकाच कपाचा झाला. सगळं ऐकून शोभा फोनवर म्हणाली होती, "अगं, आता तुला कसलं सुतक?" अहिल्याबाईंना रडू आलं नाही. फार एकटं मात्र वाटलं.

"यू हॅव एव्हरी राइट टु बी अँग्री," नेत्रा म्हणाली. "त्यांनी साधा एक फोन करायला हवा होता."

"राग नाही गं. रागवायलाही माणूस समोर लागतं."

नेत्राने कागद पुन्हा त्यांच्याकडे फिरवला. "एक गोष्ट मात्र क्लिअर करते. नंतर तुम्हाला शॉक नको. हे पैसे दर महिन्याला तुमच्या अकाउंटला येतील, पण काका आहेत तोवरच. ते गेले की बंद."

"लगेच?"

"लगेच. पुढच्या महिन्यात येणारच नाहीत. म्हणून म्हणते, यावर फार अवलंबून राहू नका."

अहिल्याबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि मी आधी गेले तर?"

"तर तुमचा हिस्सा परत काकांना. त्यांची पेन्शन तेवढी वाढून यायला लागेल."

अहिल्याबाईंनी पेन उचललं आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे कोणीही आधी गेलं, तरी मागे राहील त्याची अंघोळ फार उशिरा नाही व्हायची."